कोणागेलो तूं?

आपल्या गोव्यात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. "खंयचो रे तूं?" त्याने गावाचं नाव सांगितलं की लगेच दुसरा, "कोणागेलो?" मग आडनावावरून वाडा, वाड्यावरून देऊळ, देवळावरून जात आणि जातीवरून थेट स्वभावसुद्धा! पाचेक मिनिटांत विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. माणूस ओळखला. खरं म्हणजे त्याने ओळखलेलं असतं फक्त नाव. पण हा फरक आपल्या सहसा लक्षात येत नाही. माझ्या तो लक्षात आला तो एका इंग्रजी कादंबरीमुळे, आणि तीसुद्धा मोठी माणसं ज्यांना "मुलांची जादूची पुस्तकं" म्हणून बाजूला सारतात त्यांतली. या कादंबरीतल्या तीन अक्षरांना जगभरच्या वाचकांनी दोन वर्षं हाच प्रश्न विचारला होता. कोणागेलो तूं?

मी बोलतोय हॅरी पॉटरबद्दल. पुढे या पुस्तकांतली बरीच गुपितं फुटणार आहेत. ज्यांना ती अजून वाचायची आहेत त्यांनी इथेच थांबलेलं बरं. मागाहून मला दोष देऊ नये.

जे. के. रोलिंगबाईंची ही सात पुस्तकं 1997 ते 2007 या दहा वर्षांत आली. सहावं, म्हणजे 'हाफ ब्लड प्रिन्स', 16 जुलै 2005 रोजी. त्याच्या शेवटाकडे म्हातारे डम्बलडोर गुरुजी हॅरीला समुद्रकाठच्या एका गुहेत नेतात. आत काळं तळं, तळ्यात बुडवून ठेवलेली प्रेतं, मध्ये एक बेट आणि बेटावरच्या दगडी पात्रात विषारी पेय. त्या पेयाच्या तळाशी खलनायक व्होल्डेमॉर्टने आपल्या आत्म्याचा एक तुकडा एका लॉकेटमध्ये दडवून ठेवलेला. गुरुजी ते पेय घोट घोट पितात, अर्धमेले होतात, लॉकेट हाती येतं. आणि नंतर कळतं की लॉकेट नकली आहे. आधीच कुणीतरी तिथे येऊन खरं लॉकेट पळवलंय आणि आत एक चिठ्ठी ठेवलीय. चिठ्ठीखाली सही म्हणून तीनच अक्षरं. आर. ए. बी.

पुस्तक संपलं. पुढचं यायला दोन वर्षं होती. तेवढ्या काळात वाचकांनी काय केलं? जुनी पाच पुस्तकं पुन्हा काढली आणि ओळ न् ओळ चाळायला सुरुवात केली.

माझ्या मते त्यांनी केलं ते अगदी योग्य केलं. कारण या मालिकेचा पिंडच तसा आहे. जरा आठवून बघा. पहिल्या पुस्तकात तीन डोक्यांच्या कुत्र्याच्या पायाखालचं झडपेचं दार उघडून मुलं खाली उतरतात. आवळणाऱ्या वेली, उडत्या किल्ल्या, माणसाएवढ्या सोंगट्यांचं बुद्धिबळ असं एकेक दालन ओलांडत शेवटच्या दालनात पोचल्यावर समोर दिसतो तो ज्याच्यावर संशय होता तो स्नेप नव्हे, तर अडखळत बोलणारा गरीब बिचारा क्विरेल. आणि त्याच्या पागोट्याखाली दुसराच चेहरा! दुसऱ्या पुस्तकात शाळेच्या खूप खाली असलेल्या गुप्त दालनात भेटणारा देखणा, सभ्य टॉम रिडल म्हणजे तरुणपणीचा व्होल्डेमॉर्ट. तिसऱ्यात एका झाडाच्या मुळातून निघणारं भुयार, आणि त्याच्या टोकाला घरातला पाळीव उंदीर म्हणजे मेला म्हणून समजलेला पीटर पेटिग्र्यू. चौथ्यात मूडी मास्तरांची सात कुलपांची पेटी. तिच्या सातव्या कप्प्यात खोल खड्डा आणि त्या खड्ड्यात खरे मूडी. वर्षभर वर्गात शिकवत होता तो सोंग घेतलेला तोतया. सातव्यात तर बँकेच्या तळघराकडे जाताना एक धबधबाच लागतो. त्याच्या पाण्याने घेतलेलं सोंग धुऊनच जातं.

म्हणजे खाली उतरणं आणि मुखवटा गळणं ही या लेखिकेची जोडगोळी आहे. तळघर आलं की कुणाची तरी खरी ओळख उघडी पडणार. ज्याने चार पुस्तकांत हे पाहिलं, तो सहाव्यातल्या गुहेतली तीन अक्षरं बघून स्वस्थ कसा बसेल?

शिवाय रोलिंगबाई खेळ प्रामाणिकपणे खेळतात. उत्तर सांगण्याआधी खुणा पेरून ठेवतात. त्या उंदराच्या पंजाला एक बोट कमी आहे हे गोष्टीच्या सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. पेटिग्र्यूच्या मृत्यूनंतर त्याचं फक्त बोट सापडलं हे नंतर कळतं. तोतया मूडी सतत स्वतःच्याच बाटलीतून पितो. आपण समजतो की म्हाताऱ्याला विषबाधेची भीती. प्रत्यक्षात त्या बाटलीत रूप बदलण्याचं औषध असतं. एका गुत्त्याचा मालक पाचव्या पुस्तकात येतो आणि तिथे बकऱ्यांचा वास येतो एवढंच लिहिलेलं असतं. चौथ्या पुस्तकात डम्बलडोर गुरुजींच्या भावाचा उल्लेख येतो, आणि तो बकरीवर भलतीच जादू केल्याबद्दल अडचणीत आलेला असतो. वाचकांनी बकरीला बकरी जोडली आणि गुत्तेवाला म्हणजे गुरुजींचा भाऊ अ‍ॅबरफोर्थ असं जाहीर केलं. 2004 साली एडिंबरोच्या पुस्तक महोत्सवात लेखिकेने त्याला दुजोराही दिला.

लोक या अदमास बांधण्याला पोरखेळ म्हणतात. मला तो विश्वासाचा प्रकार वाटतो. वाचकाला खात्री असते की या बाईने बकरी उगाच बांधलेली नाही. असा विश्वास आपण किती लेखकांवर टाकतो? आणि किती लेखक त्याला जागतात? पहिल्या वाचनात ज्या वाक्यावरून नजर घसरून गेली, त्याच वाक्यावर दुसऱ्या वाचनात थबकणं, याला वाचन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? शाळेत धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करणारी मुलं एका लॉकेटसाठी आठशे पानांचा ठोकळा पुन्हा वाचून काढतात हे मला तरी कौतुकाचंच वाटतं.

पण हा खेळ अंगाशीही येतो. पाचव्या पुस्तकात (2003) मार्क इव्हान्स नावाच्या दहा वर्षांच्या मुलाचा ओझरता उल्लेख आहे. हॅरीच्या आतेमावसभावंडांत शोभणाऱ्या त्या दांडग्या डडलीने या मुलाला मारलेलं असतं, एवढंच. पण हॅरीच्या आईचं माहेरचं आडनावही इव्हान्स! झालं. हा हॅरीचा नातलग असणार, पुढच्या वर्षी अकराचा होऊन जादूच्या शाळेत येणार, असे इमले रचले गेले. शेवटी 2004 साली लेखिकेला आपल्या संकेतस्थळावर सांगावं लागलं की हा मुलगा कुणीही नाही, आडनाव सहज सुचलं म्हणून दिलं, चुकलंच माझं. मला हे वाचून हसू आवरेना. हे म्हणजे मडगावच्या बाजारात दोन नाईक भेटले म्हणून त्यांना सख्खे चुलत ठरवण्यासारखं!

आता पुन्हा त्या तीन अक्षरांकडे येऊ. त्यांचं उत्तर शोधायला वाचकांना फार दिवस लागले नाहीत. हॅरीचा धर्मपिता सिरियस ब्लॅक. त्याला रेग्युलस नावाचा धाकटा भाऊ होता. तो व्होल्डेमॉर्टच्या टोळीत गेला आणि मग घाबरून मागे फिरल्यामुळे मारला गेला, हे पाचव्या पुस्तकात सिरियसनेच सांगितलेलं. आर म्हणजे रेग्युलस, बी म्हणजे ब्लॅक. त्याच पुस्तकात ब्लॅक घराण्याच्या वाड्याची साफसफाई करताना कुणालाच न उघडणारं एक जड लॉकेट निघतं आणि कचऱ्याबरोबर बाजूला पडतं. दोन्ही टोकं जुळली.

खरी गंमत झाली ती भाषांतरांत. डच भाषांतरकाराने आधीच्या पुस्तकांत ब्लॅक या आडनावाचं 'झ्वार्त्स' केलं होतं. नॉर्वेजियन भाषेत ते 'स्वार्ट' झालं होतं, फिनिश भाषेत 'मुस्ता'. सगळ्यांचा अर्थ किंवा सूचना काळ्या रंगाची. सहावं पुस्तक या भाषांत आलं तेव्हा चिठ्ठीखालची सही झाली डचमध्ये आर. ए. झेड., नॉर्वेजियनमध्ये आर. ए. एस., फिनिशमध्ये आर. ए. एम. मूळ इंग्रजीत जे गुपित होतं ते शेवटच्या एका अक्षराने उघडं पाडलं. कारण बी चं झेड, एस आणि एम होईल असं आडनाव एकच होतं. भाषांतरकारांचा यात दोष नाही. त्यांना प्रामाणिक राहायचं होतं आणि प्रामाणिक राहिल्यानेच गुपित फुटलं. मराठीत भाषांतर करणाऱ्यासमोर हा पेच येत नाही, कारण आपण परक्या माणसाचं आडनाव भाषांतरित करत नाही. ब्लॅकचा आपण 'काळे' करत नाही. त्यात नावातली काळोखी आपल्या वाचकापर्यंत पोचत नाही हे नुकसान आहेच, पण गुपित तरी शाबूत राहतं. भाषांतर म्हणजे असाच काहीतरी गमावून काहीतरी राखण्याचा व्यवहार. असो.

तर, नाव सापडलं. 21 जुलै 2007 रोजी सातवं पुस्तक आलं तेव्हा ब्लॅकांच्या वाड्यात एका खोलीच्या दारावर पूर्ण नाव लिहिलेलंही मिळालं, रेग्युलस आर्कटुरस ब्लॅक. तर्क शंभर टक्के बरोबर निघाला. मग पुस्तकातली गंमत संपली का?

मुळीच नाही. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

ती गोष्ट सांगतो क्रीचर. ब्लॅकांच्या वाड्यातला म्हातारा, कुरकुरणारा, सगळ्यांना नकोसा झालेला गुलाम नोकर. व्होल्डेमॉर्टला आपली गुहा तपासून बघायला एक गुलाम हवा होता आणि रेग्युलसने मोठ्या अभिमानाने आपला क्रीचर दिला. व्होल्डेमॉर्टने क्रीचरला ते विषारी पेय पाजलं, पात्रात लॉकेट ठेवलं आणि त्याला प्रेतांच्या तोंडी देऊन निघून गेला. पण मालकाने "घरी परत ये" असं सांगितलेलं होतं. म्हणून क्रीचर आपल्या जातीच्या जादूने परत आला. व्होल्डेमॉर्टला नोकरांची जादू ही दखल घेण्याजोगी गोष्टच वाटली नव्हती! क्रीचरची ती दशा बघून त्या कोवळ्या मुलाच्या आत काहीतरी तुटलं. पुढे एक दिवस तो क्रीचरला घेऊन त्याच गुहेत गेला. आणि या वेळी पेय त्याने क्रीचरला पाजलं नाही, स्वतः प्यायला. लॉकेट बदलून घरी जा, ते नष्ट कर आणि माझ्या आईला काही सांगू नकोस, अशी आज्ञा दिली. मग तळ्यातल्या हातांनी त्याला ओढून नेलं.

तर्काने नाव सापडलं होतं, घर सापडलं होतं, लॉकेटही सापडलं होतं. पण हे कसं सापडणार? एका उन्मत्त खानदानातला मुलगा, ज्याच्या घरात शुद्ध रक्ताचा गजर चालायचा, वंशवृक्षाच्या पडद्यावरून नको असलेल्यांची नावं जाळून टाकली जायची, तो एका नोकरासाठी जीव देतो, हे कुठल्या अक्षरात लिहिलेलं असतं? सख्ख्या भावालाही ते कळलं नव्हतं. सिरियस आपल्या भावाला मूर्ख आणि भित्रा समजतच मेला. त्याच्याकडेही एक तर्कच होता. नाव माहीत, घर माहीत, टोळी माहीत, म्हणजे माणूसही माहीत! आणि खरी हकीकत ज्याच्यापाशी होती तो क्रीचर तर त्याच वाड्यात दिवसरात्र वावरत होता. त्याला कुणी विचारलंच नाही. नोकराला काय विचारायचं?

म्हणून अदमास बांधणाऱ्यांची चेष्टा मला पटत नाही, तसाच त्यांचा विजयोत्सवही पुरता पटत नाही. तर्क दारापर्यंत आणून सोडतो, दारावरचं नाव वाचून दाखवतो. आत जायचं तर गोष्टच ऐकावी लागते. एखाद्या लेखकाच्या पुस्तकात गुपित कळल्यावर काहीच उरत नसेल तर ती कादंबरी नव्हे, कोडं. सोडवलं की रद्दीत. आणि वाचकाने ओळखलं म्हणून ऐनवेळी उत्तर बदलणारा लेखक तर आपल्याच हाताने पेरलेलं पीक उपटून टाकतो. रोलिंगबाईंनी तसं केलं नाही. त्यांच्याजवळ नावापेक्षा मोठं काहीतरी सांगायला होतं, म्हणून त्या निश्चिंत राहू शकल्या.

आपल्या लोकांना हे नव्याने सांगायला नको खरं तर. गोव्यात देवळाच्या पटांगणात 'संगीत सौभद्र' लागलं की त्रिदंडी संन्यासी म्हणजे अर्जुन हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली लिहिलेल्या नाटकाचं गुपित आता कोण फोडणार? तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात. आपल्या परंपरेत सोंग प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं, अजाण असतात ती फक्त पात्रं. म्हणूनच आपल्या वडीलधाऱ्यांना मुलांचा हा "तो खरा कोण" चा ध्यास परका वाटत असावा. मला विचाराल तर दोन्ही रीती एकाच जागी पोचतात. एकीत नाव आधीच हातात देऊन टाकतात, दुसरीत दोन वर्षं शोधायला लावतात. पण नाव कळल्यावर बघायचं काय असतं, तर त्या माणसाने त्या नावाचं काय केलं.

कर्णाचंच घ्या. कृष्णाने त्याला सांगितलं, कुंतीने येऊन सांगितलं, तू सूतपुत्र नाहीस, तू थोरला पांडव आहेस. जन्मभर ज्या प्रश्नाने छळलं त्याचं उत्तर मिळालं. राज्यही मिळत होतं. आणि ते ऐकून कर्णाने काय केलं? तो राधेयच राहिला. आपली ओळख आईच्या पोटावरून ठरवायची की वाढवणाऱ्या हातांवरून, हे त्याने स्वतः ठरवलं. दोन हजार वर्षं आपण ही गोष्ट गुपित माहीत असूनच ऐकतोय. रेग्युलस आणि कर्ण यांची तुलना करायची नाही मला, तेवढा धीर नाही! पण दोघांच्या बाबतीत घराण्याचं नाव काहीच सांगत नाही, एवढं मात्र खरं.

तेव्हा घरातली मुलगी किंवा नातू जाडजूड पुस्तकात बोट घालून "आजोबा, मला वाटतं हा माणूस खरा तो नाहीच" असं सांगायला आला, तर त्याला "अभ्यास कर" म्हणून हाकलू नये. विचारावं, कशावरून? तो खुणा सांगेल. मग पुढचा प्रश्न विचारावा, तो जरा जास्त अवघड. बरं, समजा तो तोच निघाला. मग तो असं का वागला असेल? या दुसऱ्या प्रश्नाशी जो रमला तो नुसता कोडी सोडवणारा राहत नाही.

आणि आपणही, जत्रेत किंवा लग्नाच्या मांडवात नवीन माणूस भेटल्यावर "कोणागेलो?" जरूर विचारावं. ती आपली रीतच आहे, आणि तिच्यात मायाही आहे. फक्त उत्तर मिळाल्यावर मान डोलावून मोकळं होऊ नये. घटकाभर बसावं त्याच्यापाशी. आणि जमलंच तर त्याच्या घरातल्या क्रीचरलाही काहीतरी विचारावं.